ऐंशी षटकांचा गृहस्थ

वजन १५६ ते १६३ ग्रॅम. घेर जेमतेम नऊ इंच. वर्ण लाल, अंगावर सोनेरी शिक्का, कमरेभोवती पांढऱ्या दोऱ्याची सहा ओळींची शिवण. मूळ गाव मीरत. पोटात बुचाचा गोळा, त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे आणि वरून कमावलेल्या कातड्याचे चार तुकडे. एवढ्या माहितीवर याच्याशी सोयरीक जुळवायला गेलात तर फसाल. कारण गृहस्थाचा स्वभाव सकाळी एक, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी तिसराच. आयुष्य म्हणाल तर मोठ्या क्रिकेटात ८० षटकांचं. त्यानंतर कर्णधाराची मर्जी फिरली की पंच नवा चेंडू काढतात आणि याची रवानगी जुन्यांच्या पेटीत होते.

आमच्या माहीमला याला ‘सीझन’ म्हणतात. माहीम म्हणजे दादरच्या पुढचं नव्हे, पालघरचं. केळव्याला लागून असलेलं, एके काळी ज्याच्या नावाने अख्खा तालुका ओळखला जायचा ते. इथे घरोघरी नांदतो तो टेनिसचा चेंडू. किनाऱ्यावरच्या गावांपासून बोईसर-तारापूरच्या कामगार वस्त्यांपर्यंत स्पर्धा भरतात त्या टेनिसच्या. रात्री दिवे लावून, माईकवर कॉमेंट्री करत. सीझन त्या मानाने पाहुणा. महाग, मानी आणि अंगावर आला तर माफ न करणारा. टेनिस लागला की पोर मांडी चोळत पुढचा बॉल खेळायला उभं राहतं. सीझन लागला की कुणाला तरी मोटारसायकल काढावी लागते.

तरी पोरं त्याच्यामागे असतात. बॅटवर नीट बसून तो कुंपणापलीकडच्या वाडीत गेला की खेळ थांबतो. नारळी-पोफळीच्या बुडाशी, पानवेलींच्या ओळींमधून पाणी फिरवलेलं असतं. त्या पाटात सीझन पडून सापडेपर्यंत त्याचं कातडं फुगलेलं असतं, शिवणीचा दोरा सैलावलेला, वजन वाढलेलं. मग कुणीतरी तो पँटला पुसतो आणि उन्हात ठेवतो. वाळून उठतो तेव्हा लाली जाऊन विटकरी झालेला, एक बाजू टणक आणि दुसरी खरबरीत. शहरातल्या अकादमीत असला चेंडू टाकून देतील. इथे त्याच्यावर आणखी महिना काढतात, आणि अगदीच फाटायला आला की मोज्यात घालून दोरीने आंब्याच्या फांदीला टांगतात, बॅटिंगवाल्यांची सोय. थोडक्यात, नव्या सीझनशी आमच्या पोरांची भेट क्वचित, जुन्याशी रोजची.

नवा सीझन मात्र राजा माणूस. शिवण उभी, दोन्ही गालांवर तुकतुकी. बोटं सरळ ठेवून सोडला तरी हवेत बाहेर निघतो, टप्प्यावर शिवण टेकली की कुठे जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. अशा वेळी गोलंदाजाच्या चुकाही तो पोटात घालतो. आखूड पडलेला उसळून बॅटच्या खांद्याला लागतो, पायावर पडलेला वळून यष्टींकडे जातो. मागे तीन स्लिप, एक गली. कर्णधार टाळ्या वाजवतोय. नव्याचे नऊ दिवस ही म्हण याच्या बाबतीत षटकांत मोजायची. फार तर पंधरा धरा. तेवढ्या वेळेपुरता तो ज्याच्या हातात असतो त्याला वाटतं, आपणच मोठे.

दुपारचा सीझन आंबट चेहऱ्याचा. पंचवीस षटकं उलटलेली असतात. तुकतुकी गेली, शिवण बसली, पोटातला गोळा नरमला. स्विंग नाही, उसळी नाही. समोरचे दोघे चाळीस-पन्नास करून टेकलेत. तीन स्लिपची एकच उरली, उरलेले गडी सीमेवर पांगले. ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेत वापरतात तो कुकाबुरा तर या वयात अधिकच निवांत. त्याच्या आतल्या दोन ओळी हाताने शिवलेल्या आणि बाहेरच्या यंत्राने, त्यामुळे शिवण लवकर सपाट होते. या वेळी चेंडू मागायला कुणी पुढे येत नाही. कर्णधार इकडेतिकडे बघतो आणि ज्याच्याकडे फेकतो तो ‘फर्स्ट चेंज’.

संध्याकाळी पुन्हा रंग पालटतो, पण प्रत्येकासाठी नाही. एक बाजू दिवसभर घासून राखलेली, दुसरी खडबडीत झालेली, आणि टाकणाऱ्याच्या खांद्यात जोर असेल तर तोच म्हातारा उलटा वळायला लागतो. याला रिव्हर्स म्हणतात. २०२० पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटात चेंडूला थुंकी लावायची बंदी आली. आता काय ती घामावरच बडदास्त. श्रीरामपूरच्या झहीर खानची या गृहस्थाशी सकाळीही मैत्री होती आणि संध्याकाळीही. म्हणून २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. असा दुहेरी घरोबा थोड्यांनाच साधतो.

आता खरा वाद. गावात एखादं पोर अठराव्या वर्षी आडदांड वेगाने टाकायला लागलं की वडील मैदानाच्या कडेला येऊन उभे राहतात.

“सर, एवढा फास्ट टाकतोय. पहिली ओव्हर त्यालाच द्या ना.”

“देऊ की काका. पण अकरानंतर कोण टाकणार?”

यात वडिलांचंही चूक नाही. पहिली ओव्हर म्हणजे मान. नवा चेंडू म्हणजे विकेट, विकेट म्हणजे निवड समितीच्या वहीत नाव. शिवाय दुसरी बाजूही आहे: पोर कोवळं, पाठीचे मणके अजून भरायचे आहेत. लांबच लांब स्पेल टाकून वेगवान पोरांच्या कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्याची उदाहरणं कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. त्यापेक्षा मधे आणून तीन-चार षटकं जीव तोडून टाकायला लावावी, वेगही राहील आणि पोरही राहील, असं म्हणणारे आहेत. त्यात आयपीएलमध्ये गोलंदाजाला मिळतातच २४ चेंडू. मग दिवसभरात सतरा षटकांची उठाठेव कशाला?

अमेरिकेतले बेसबॉलवाले हाच वाद वेगळ्या पेहरावात घालतात. दणकट हाताच्या पोराला सामना सुरू करायला द्यायचा, की शेवटच्या एखाद्या डावापुरता राखून ठेवायचा? पण तिथे एक मोठा फरक आहे. तिथल्या चेंडूला म्हातारपणच नाही. १९२० साली क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर चेंडू बसला आणि तो दगावला. मळकट चेंडू त्याला दिसला नसावा, असं बोललं गेलं, आणि तेव्हापासून डागाळलेला चेंडू लगोलग बदलायची शिस्त आली. एका सामन्यात डझनांनी चेंडू खपतात. त्यामुळे त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो हाताचा: किती टिकेल, किती वेळा तोच फलंदाज फसेल? आपल्याकडे हाताच्या जोडीला चेंडूचंही वय बघावं लागतं. पहिला टाकणारा आणि नंतर टाकणारा यांचे धंदेच निराळे; एकाला नवश्रीमंताकडे नोकरी, दुसऱ्याला कफल्लकाकडून वसुली.

ही वसुली करणारा माणूस आमच्याच गावचा. शार्दूल ठाकूर, जन्म १६ ऑक्टोबर १९९१. तो शाळेत होता तेव्हा लोकल विरारला संपायची. डहाणूपर्यंत ती आली २०१३ मध्ये. पालघरहून शटल पकडायची, केळवे रोड, सफाळे, वैतरणा करत विरार, तिथून पुढची गाडी, आणि खांद्यावर किट. हे सगळं करून बोरिवलीत पोचणारं पोर किती थकत असेल हे ओळखून प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. २००६ मध्ये शालेय हॅरिस शिल्ड स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले, म्हणजे सीझनची आणि त्याची पहिली जाहीर ओळख बॅटमुळे झाली. पुढे मुंबईकडून तो नवा चेंडू टाकायला लागला. २०१४-१५ च्या रणजी मोसमात ४८ बळी. त्याच्या पुढच्या मोसमात पुण्यातल्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या दुसऱ्या डावात २६ धावांत ५. सकाळचा सीझन त्याला पाठ झाला होता.

भारताच्या संघात गेल्यावर तो मान गेला. तिथे नव्या चेंडूवर बुमरा, शमी, इशांत यांची मक्तेदारी. २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण केलं आणि १० चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर आला. पुढची कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला, निम्मा संघ जायबंदी असताना. नवा चेंडू तेव्हाही सिराज आणि नटराजन यांच्याकडे. शार्दूल नंतर आला आणि पहिल्याच चेंडूवर मार्कस हॅरिसला काढलं. सामन्यात ७ बळी, शिवाय पहिल्या डावात ६७ धावा. वर्षभराने जोहान्सबर्गला एल्गर आणि पीटरसन अर्धी सकाळ ठाण मांडून होते; कुकाबुरा निवांत झालेला, धावफलक १ बाद ८८. शार्दूलकडे चेंडू आला आणि उपाहाराला ४ बाद १०२ झाले. मधले तिन्ही बळी त्याचे. डाव संपला तेव्हा त्याच्या नावापुढे ६१ धावांत ७ बळी होते. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारतीय गोलंदाजाची ती सर्वांत सरस कामगिरी, आणि ती नव्या चेंडूशिवाय. सामना आपण हरलो, ही गोष्ट वेगळी.

त्याच्याकडे वेग फार नव्हता, हेही सांगायला हवं. लोक त्याला गमतीने लॉर्ड म्हणायचे, ‘याला विकेट मिळतात कशा’ असं विचारायचे. मला वाटतं, दुपारचा सीझन काही देत नाही हे त्याने मान्य करून टाकलेलं असायचं. मग तो शिवण आडवी धरून पाही, क्रीजच्या कोपऱ्यातून टाकून पाही, चेंडू हळू सोडून पाही. टेकलेला फलंदाज धावांचा भुकेला असतो, त्याला दोन चेंडू मोकळे वाढून तिसऱ्यावर गाठायचं, हा त्याचा खाक्या. असली अक्कल नव्या चेंडूवर लागत नाही, म्हणून तिथे ती येतही नाही.

पण या नोकरीत कायमपणा नाही. जून २०२५ मध्ये लीड्सला पहिल्या डावात त्याच्या वाट्याला अवघी ६ षटकं आली. दुसऱ्या डावात त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर डकेट आणि ब्रुकला परत पाठवलं, तरी पुढच्या कसोटीत संघाबाहेर. नव्या चेंडूवाल्याला सकाळी हाक मारावीच लागते. मधे येणाऱ्याला कर्णधाराची आठवण व्हावी लागते. वडील मैदानाच्या कडेला उभे राहतात ते या भीतीने, आणि ती भीती खोटी नाही.

जसप्रीत बुमराचं उदाहरण उलट्या दिशेचं म्हणून सांगतात. २०१३ मध्ये आयपीएलमध्ये दिसला, २४ चेंडूंचा कसबी म्हणून गाजला, २०१८ मध्ये केपटाऊनला कसोटी खेळला आणि पुढे जगातला पहिल्या नंबरचा नवा चेंडूवाला झाला. म्हणजे छोट्यापासून सुरुवात केली तरी चालतं? चालतं, पण गुजरातकडून रणजीही तो २०१३ पासूनच खेळत होता. टीव्हीवर फक्त चार षटकं दिसत होती. बाकीची षटकं तो जुन्या झालेल्या सीझनबरोबर रिकाम्या मैदानांवर घालवत होता.

म्हणून माझं मत असं. अठरा वर्षांच्या पोराची कायमची जागा ठरवायला कुणी बसू नये. दोन-तीन मोसम त्याला दिवसाच्या सामन्यात तीन तुकड्यांत टाकू द्यावं: थोडी षटकं सकाळी, थोडी जेवणानंतर, थोडी उन्हं कलल्यावर, कमरेचा हिशेब सरांनी ठेवावा. या गृहस्थाचे तिन्ही स्वभाव हाताखालून गेले की पोराला आपोआप कळतं आपलं कुणाशी पटतं. मग चार षटकांचा करार आला तर खुशाल करावा; तो पोटाचा प्रश्न आहे. पण ज्याने आधीच स्वतःला चार षटकांत कोंडून घेतलं, त्याला पुढे कधी सतरा षटकं मिळाली तर तो नवव्यालाच पाणी मागेल. उलट्या वाटेने जाणाऱ्याला अशी अडचण येत नाही.

सरांनी त्या वडिलांना शेवटी जे सांगितलं ते याहून थोडक्यात होतं. “काका, पहिली ओव्हर काय, ती कुणीही मागेल. तुमच्या पोराला सांगा, चौतिसावी माग. ती द्यायला मी एका पायावर तयार आहे.”