विलायतेत गोड काय खाल?

विलायतेला लेकीकडे निघालात, तर नुसत्या केक-बिस्किटांवर थांबू नका हं! तिथे जेवणानंतरच्या कुठल्याही गोडाला 'पुडिंग' म्हणतात. खजुराचा मऊ केक नि वर गरम टॉफीचा रस, असं 'स्टिकी टॉफी पुडिंग' आपल्या जिभेला चटकन रुचतं. डेव्हनमध्ये स्कोनवर आधी दाट साय, मग जॅम. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये नेमकं उलटं! डर्बीशरमधल्या बेकवेल गावचं बदामाचं पुडिंगही चाखाच.

मात्र शाकाहारी सासूबाई सोबत असतील, तर विचारल्याशिवाय घास घेऊ नका. 'स्पॉटेड डिक' आणि ख्रिसमस पुडिंगात परंपरेने 'सुएट', म्हणजे गाईबैलाची चरबी असते. ट्रायफलच्या जेलीत बहुधा जिलेटिन. वनस्पती तेलाचं सुएटही मिळतं. अंडं मात्र पुष्कळ पदार्थांत असतंच. तेव्हा पाकीट वाचावं, हॉटेलात बेलाशक विचारावं. विचारण्यात संकोच कसला?