कातळावरचे बिऱ्हाड

मृगाची पहिली सर कोसळली, की कर्नाळ्याचे रान जागे होते. उन्हाने करपलेल्या उतारांवर हिरवी लव उमटते, किल्ल्याचा उभा सुळका ढगांत शिरतो आणि दाट झाडीतून कस्तुराची लांबलचक शीळ ऐकू येते. रात्र पडली, की पाखरांचे गाणे थांबते आणि बेडकांचे सुरू होते. या रानातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. डबक्याच्या ओढीने निघालेल्या बेडकाला रस्ता म्हणजे काय, हे कोठून ठाऊक असणार? त्याच्या लेखी तीही रानातलीच ओली भुई! चाके येतात आणि निघून जातात. येथे चिरडलेल्या बेडकाचे जातभाई पुष्कळ ठिकाणी आढळतात, म्हणून त्याची हळहळ कोणी फारशी करीत नाही. परंतु याच महामार्गाने दक्षिणेकडे सावंतवाडीपर्यंत जावे आणि तेथून बेळगावच्या वाटेवरचा घाट चढावा. म्हणजे असे एक गाव लागते, की जेथे चाकाखाली सापडणाऱ्या इवल्याशा जिवाला साऱ्या जगात दुसरे घर नाही. ते गाव म्हणजे आंबोली.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसली आहे. महाराष्ट्रातील अत्यंत पावसाळी गावांत तिची गणना होते. तिच्या भोवती जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे पसरले आहेत. उन्हाळ्यात हे सडे इतके उजाड दिसतात, की येथे काही जगत असेल, असे वाटूही नये. परंतु पावसाच्या पहिल्या धारांनी खडकातल्या खळग्यांत पाणी साचते आणि दगडांखाली दडून बसलेला एक लहानसा जीव बाहेर येतो. तो आंबोलीचा भेक.

भेक हा बेडकाचाच एक भाऊबंद. आंबोलीचा भेक इतका लहान, की मुलाच्या मुठीतही सहज मावेल. त्याच्या कुशीवर हळदीसारखे पिवळेधमक ठिपके असतात आणि अंगावर वाघाची आठवण करून देणारे पट्टे. २००९ साली डॉ. सत्यभामा दास बिजू, डॉ. वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जात जगापुढे मांडली, तेव्हा या पट्ट्यांवरूनच तिचे शास्त्रीय नाव ठेवले. कोयनेच्या परिसरातील तिच्या चुलतभावाचा परिचय शास्त्रज्ञांना १९६३ सालीच झाला होता. आंबोलीच्या या रहिवाशाला मात्र नाव मिळण्यासाठी आणखी सेहेचाळीस वर्षे थांबावे लागले.

नाव मिळाले, आणि त्यासोबत काळजीही आली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या भेकाची गणना 'अतिसंकटग्रस्त' प्राण्यांत केली आहे. आंबोली आणि तिच्या आसपासचा टापू, एवढेच त्याचे विश्व. दक्षिण अमेरिकेतील टिटिकाका सरोवरात, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, सैल घड्यांच्या कातडीतून पाण्यातला प्राणवायू घेणारा एक बेडूक राहतो. तोही संकटात आहे. पण त्याला निदान अथांग सरोवर तरी आहे! आंबोलीच्या भेकाची पिल्ले ओंजळभर पाण्यात वाढतात. इतर अनेक भेक हजारोंनी अंडी घालतात. ही मादी मोजकीच अंडी घालते, आणि तीही कातळावरच्या उथळ पाण्यात. पावसाने चार दिवस डोळे वटारले, तर खळगा आटतो. निसर्गाची ही परीक्षा ती जात पिढ्यान्‌पिढ्या देत आली आहे.

परंतु माणसाने घेतलेली परीक्षा निराळी आहे. सडा म्हणजे पडीक जागा, अशी समजूत करून घेऊन कोणी त्यावर गाडी घालतो, कोणी कचरा टाकतो, कोणी दगड उपसून नेतो. धबधबे पाहण्यासाठी पर्यटकांच्या झुंडी येतात, त्या नेमक्या भेकांच्या विणीच्या दिवसांत. पाहुण्यांच्या मनात पाप नसते. पण बुटाखालचा तो चिखलाचा खळगा म्हणजे कोणाचा तरी पाळणा आहे, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

उपाय अवघड नाही. कर्नाळ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. आंबोलीतच हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ एक नवा छोटा मासा सापडला, तेव्हा २०२१ साली शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एका बोटभर माशासाठी माणसे एवढे करू शकतात! भेकासाठी तर त्याहून थोडे पुरे: पावसाळ्याच्या रात्री घाटात गाडीचा वेग आवरावा, सड्यावर पाऊल पाहून टाकावे, उलटलेला दगड पुन्हा जागच्या जागी ठेवावा.

वाघासाठी मोठी राने राखावी लागतात. वाघाचे पट्टे मिरवणारा हा चिमुकला मात्र एवढेच मागतो, की कातळावरचे ओंजळभर पाणी कोणी तुडवू नये. ते त्याला मिळाले, तर पुढच्या मृगातही आंबोलीच्या सड्यावर त्याचे बिऱ्हाड थाटलेले दिसेल.