मुंडक्यासकट दाखवा

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे जाळ्यात केंड सापडला की खलाशी तो परत समुद्रात भिरकावतात. टम्म फुगणारं पोट, चोचीसारखं तोंड, वर दोन नि खाली दोन पाटीसारखे दात. अख्खा केंड पोरंसुद्धा ओळखतात. पण मुंडकं उडवून, कातडी सोलून तुकडे केले की तो कुठल्याही पांढऱ्या मासळीत खपून जातो. त्याचं विष शिजवूनही मरत नाही. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि त्यावर उतारा नाही. १७७४ साली कॅप्टन कुकनं न्यू कॅलेडोनियात अशा माशाची कलेजी नुसती चाखली, तरी रात्री त्याच्या हातापायांतली संवेदना गेली.

अमळनेरला सासरी आले आणि तापीची मासळी समोर आली. बाजारात मावशींच्या घमेल्यात काळे, मिशाळ मासे वळवळत होते. मला सगळे एकाच जातीचे वाटले.

"ताई, हात नका लावू!" मावशी ओरडल्या. मग काडीनं एकेक मासा वळवून त्यांनी दाखवला. मांगूरचा पाठीवरचा पर डोक्यामागून पार शेपटीजवळ जातो; शिंगीच्या पाठीवर इवलासा तुरा. खायला दोन्ही चांगले, अशक्त माणसाला तर आवर्जून देतात. काटाही दोघांना असतो, कल्ल्यांच्या मागे, पण शिंगीचा जालीम विषारी.

तो किती जालीम, ते शेजारच्या मुलाला शिंगी साफ करताना काटा लागला तेव्हा पाहिलं. हात खांद्यापर्यंत ठणकत होता, पोरगं घामानं भिजलेलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्यावर कळ ओसरू लागली, मग त्याला दवाखान्यात नेलं. शिंगीचं विष उष्णतेनं मोडतं. केंडाचं मोडत नाही. हा फरक प्रत्येक मासे खाणाऱ्या घरात माहीत हवा असं मला कळकळीनं वाटतं.

मांगूरच्या नावाखाली थाई मांगूरही विकला जातो. तो विषारी नाही, पण मूळचा आफ्रिकेतला आणि भलताच खादाड. नदीतले आपले मासे फस्त करतो, म्हणून २००० सालापासून त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. काही किलोंचा मांगूर दिसला की मी सरळ पुढे जाते.

आता बर्फातून समुद्राची मासळीही येते, बरीचशी सोललेली, तुकडे केलेली. मी मुंडक्यासकट मासा मागते. विक्रेते कुरकुरतात, पण खालच्या खोक्यातून अख्खा काढून देतात. नाही दिला तर मावशींकडे जाऊन शिंगी घेते, काटे त्यांच्याकडूनच मोडून.