चाकांवरचे बिऱ्हाड

मनमाड हे मुक्कामाचे गाव नव्हे, गाडी बदलण्याचे गाव. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या वाटेवर इथे एक फाटा दौंडला फुटतो आणि दुसरा छत्रपती संभाजीनगरवरून हैदराबादकडे जातो. हा दुसरा फाटा 1990 च्या दशकापर्यंत अरुंद रुळांचा, मीटर गेजचा होता. त्यामुळे माझ्या लहानपणीचे मनमाड म्हणजे वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि ‘चला, चला’ ही वडिलांची हाक. त्या मनमाडला गेल्या दिवाळीत चार दिवस राहण्याचा योग आला, आणि तोही रेल्वेच्या डब्यात!

माझे मावसभाऊ आप्पा रेल्वेच्या पुलांच्या कामावर आहेत. पुलांचे लोखंडी गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना मनमाडला 1906 पासून आहे. अशा फिरतीच्या माणसांसाठी रेल्वेचे कॅम्प कोच असतात. म्हणजे प्रवाशांच्या सेवेतून निवृत्त झालेला डबा, बाके काढून राहण्याजोगा केलेला. आप्पांचा डबा स्टेशनापासून दूर एका सायडिंगला उभा होता. त्यांचे नोकरीचे ते शेवटचे वर्ष. मुलांच्या शाळा, सासूबाईंचे दुखणे, यांत तीस वर्षे गेली. वहिनी एकदाही डब्यावर राहायला आल्या नव्हत्या. यंदा त्यांनी कळवले, “येते. पण पहाटेचे अभ्यंगस्नान नीट आडोशाला, कढत पाण्याने झाले पाहिजे.”

मला वाटले, डब्यात दिवे आहेत, नळ आहेत, मग अडचण कसली? आप्पा हसले. “अरे, डब्याचे सारे चोचले चाकांच्या जिवावर. चाक थांबले की दिवाही थांबला.”

त्यांनी मला खाली वाकून दाखवले. या जुन्या धाटणीच्या डब्याखाली चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेले जनित्र असते. गाडी धावते तेव्हा त्यातून 110 व्होल्टची वीज निघते आणि पेटीतल्या बॅटऱ्या भरतात. उभा डबा त्या बॅटऱ्यांवर काही तास तग धरतो, पुढे अंधार. म्हणून वायरमनने बाहेरून 230 व्होल्टची जोडणी घेतली. जुन्या दिव्या-पंख्यांसाठी बॅटऱ्यांना चार्जर लावला, आणि पाणी तापवण्याच्या 1500 वॅटच्या सळईसाठी अगदी वेगळी, जाड तार ओढली. कारण ती एकटीच साडेसहा अँपिअर खाते. मी म्हटले, “आता लावा की दिवा!” तो म्हणाला, “साहेब, डबा सगळा पोलादाचा. एक तार सोलली गेली तर भिंतच चावेल.” जमिनीत अर्थिंग पुरले, वीज गळताच तोडणारी कळ बसवली, तेव्हाच दिवा लागला.

पाण्याचीही तीच तऱ्हा. छतातल्या टाक्यांत सुमारे 1800 लिटर पाणी मावते. पण टाकी नळाच्या वर जेमतेम दीड मीटर, म्हणजे दाब असा तो नाहीच. शॉवरची हौस सोडून रुंद नळी घेतली, वळणे कमी केली. 2020 च्या साथीत रेल्वेने 5,000 हून अधिक डबे विलगीकरणासाठी सजवले, तेव्हाही एका शौचकूपाची न्हाणी करावी लागली होती. सांडपाण्याचे तर विचारूच नका! धावती गाडी ते वाटेवर सोडून पुढे जाते. उभ्या घराला तशी सोय नाही. मोरीच्या नळीला उतार दिला, दुर्गंधी अडवायला पाणी धरून ठेवणारे वळण दिले आणि शोषखड्डा खणला. संडासाखाली जैविक टाकी होती. तिच्यातले जिवाणू मरू नयेत म्हणून वहिनींची फिनाइलची बाटली जप्त झाली.

हे सगळे झाले, तरी टाक्या मात्र आप्पांनी अर्ध्याच भरल्या. वाघदर्डी धरणाकडे डोळे लावून बसलेल्या या गावाने कितीतरी उन्हाळे नळाच्या पाण्याची दिवस मोजून वाट पाहिली आहे. पाऊस चांगला झाला म्हणून ती मोजणी कोणी विसरत नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे वहिनींनी तेल-उटणे काढले. सळई बादलीतून काढण्याआधी बटण बंद केले का, हे आप्पांनी दोनदा विचारले. “भावोजी, तुम्हालाही एकच बादली हं,” असे मला बजावून वहिनी न्हाणीत गेल्या. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून एक मालगाडी धडधडत गेली आणि आमचा डबाही थरथरला.

“अहो, गाडी सुटली की काय?” वहिनींनी आतून विचारले.

“नाही गं,” आप्पा म्हणाले, “आता कुठली सुटते!”

आत पुन्हा तांब्याचा आवाज सुरू झाला. आप्पा दाराशी पणती लावून तो ऐकत बसले होते. तीस वर्षे डब्यांत राहिलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा घरी असल्यासारखा दिसत होता.