दारातले धरणे, नदीकाठचे धरणे

धुळ्यात जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ, क्युमाईन क्लबसमोर मांडव पडला की कुणीतरी धरणे धरले आहे हे शहराला कळते. जळगावात रावेर-यावलचे केळी उत्पादक पीकविम्याच्या रकमेसाठी ठिय्या देतात. मागण्या निराळ्या, पण हलायचे नाही हा निर्धार एकच.

ठिय्या म्हणजे ठाण मांडायची जागा. नागपूरकडे मजुरांच्या नाक्यालाही ठिय्याच म्हणतात. धरणे हा शब्द संस्कृत ‘धृ’ धातूचा, आणि त्याची पहिली जागा सरकारी कचेरी नव्हती, ऋणकोचे दार होते. पैसे बुडाले की धनको तिथे उपाशी बसे. तो उठेपर्यंत घरातल्यांनीही जेवायचे नाही, असा संकेत. तो मेला तर पाप घरमालकाच्या माथी. ब्रह्महत्येचे पाप तर फार मोठे मानत, म्हणून पुष्कळदा स्वतः न बसता ब्राह्मणाला बसवत. १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने थकलेल्या पगारासाठी धरलेल्या धरण्यांविषयी लिहून ठेवले आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत तर हा शब्द थेट कलम ५०८ च्या उदाहरणात आला: दैवी कोपाची भीती घालण्यासाठी दुसऱ्याच्या दारात धरणे धरून बसणे हा गुन्हा.

त्या जुन्या धरण्याला शांततामय म्हणणे कठीण आहे. हात उगारला जात नसे, पण शाप उगारलेला असे.

खानदेशात या बसण्याचा अर्थ पालटलेला दिसतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. देवाच्या कोपाचा धाक त्यांनी कुणाला घातला नाही. आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांची मने वळवली आणि मग बसले. मंदिर खुले झाले.

सातपुड्यात तर शब्द मुळाशीच भिडला. धरण आणि धरणे एकाच धातूची लेकरे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात बुडणारे महाराष्ट्रातले पहिले गाव मणिबेली. अक्कलकुवा तालुक्याचा हा भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. १९९१ पासूनच्या पावसाळ्यांत तिथले आदिवासी आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते पाणी चढत असताना घरांत बसून राहिले. इथे कुणाच्या दारात जायचे नव्हते. स्वतःचेच दार धरून ठेवायचे होते. धरण्याचे इतके निखळ रूप दुसरे सापडणे अवघड.

मार्च १९९३ मध्ये या धरणासाठीचे जागतिक बँकेचे उरलेले कर्ज भारत सरकारने सोडून दिले. मणिबेलीची घरे आणि तिथले शूलपाणेश्वराचे देऊळ मात्र वाचली नाहीत. १९९४ साली जगभरातल्या ३०० हून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे असा जाहीरनामा काढला, तेव्हा त्याला नाव दिले मणिबेलीचे.