साडेसात चौरस फुटांतली चित्रकला



आपल्या हायस्कुलात आठवीला येणारी बरीच मुले आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून येतात. या नात्यानेच आपल्या वार्तापत्रासाठी काही लिहावे असा निरोप आला. आम्ही चौघा शिक्षकांनी बसून ठरवले की निकाल, पटसंख्या यांवर न लिहिता कलेच्या तासाविषयी लिहावे. वेळापत्रकात तो तास सर्वांत शेवटी असतो आणि काही अडचण आली की सर्वांत आधी तोच रद्द होतो. आमच्याकडे या वर्षी तो कायमचा जाण्याच्या बेतात होता. अजूनही तो पूर्ण वाचला आहे असे म्हणता येत नाही.

आधी जागेचा हिशेब सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात जो पाऊस झाला, त्यात अनेक शाळांच्या इमारतींचे नुकसान झाले. आमच्या सहा खोल्यांपैकी दोन खोल्यांच्या भिंतींना तडे गेले, आढे खचले आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना कुलूप लावावे लागले. त्यांतलीच एक खोली आम्ही चित्रे, मातीकाम आणि गाणे यांसाठी वापरत होतो. अर्ज झाले, पाहणी झाली, मोजमापेही झाली. खोल्या मात्र अजून व्हायच्या आहेत.

उरल्या चार. त्यांतल्या एका खोलीत ऑफिस, ग्रंथालयाची कपाटे आणि अक्षरदासोहाचे धान्य. म्हणजे वर्गांसाठी तीन. पहिली ते तिसरीची चाळीस मुले नलीकली पद्धतीने एका खोलीत, चौथी-पाचवी दुसरीत आणि सहावी-सातवी तिसरीत. नलीकलीची खोली वीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद आहे, म्हणजे ३६० चौरस फूट. कपाट, टेबल, तक्ते आणि साहित्याच्या पेट्या यांनी ६० चौरस फूट खाल्ले की उरतात ३००. चाळीस मुलांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात चौरस फूट येतात. मांडी घालून बसलेल्या मुलाला निम्मी जागा लागते. चित्रकला, हस्तकला, नाच आणि नाटक उरलेल्या निम्म्या जागेत करायचे!

आता शिक्षकांचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक द्यावा असे म्हटले आहे. आमच्या सहावी-सातवीत मिळून पस्तीसही मुले नाहीत. त्यामुळे असा शिक्षक आमच्या वाट्याला येत नाही आणि पहिली ते पाचवीसाठी तर तशी तरतूदच नाही. दुसरीकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सर्वांसाठी आवश्यक विषय असावा असे सांगितले आहे. विषय आवश्यक आहे, पण त्याला शिक्षक नाही आणि खोलीही नाही, अशी आमच्यासारख्या लहान शाळांची अवस्था आहे.

गेल्या जूनमध्ये शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत साहजिकच प्रश्न निघाला. एक पालक म्हणाले, "गुरुजी, जागाच नाही तर तो तास गणिताला का देत नाही? चित्रे काढून पोट भरतंय का?" त्यांचा राग आम्हांला आला नाही. सकाळी सहाला कामावर जाणाऱ्या माणसाने असे विचारणे गैर नाही. आम्ही एक वर्षाची मुदत मागितली. कलेसाठी वेगळी खोली न मागता काय करता येते ते करून दाखवू, आणि वर्षाच्या शेवटी समितीने ठरवावे, असे बोलणे झाले.

मग आम्ही खोलीकडे नव्याने पाहिले. जमीन भरली होती, पण भिंती रिकाम्या होत्या. खालपासून अडीच फूट उंचीचा भिंतीचा पट्टा काळ्या रंगाने रंगवून घेतला. त्यावर खडूने रेघा मारून प्रत्येक मुलाला दीड फुटाची जागा दिली. दाराची भिंत सोडून तिन्ही भिंतींवर मिळून तीस मुलांची सोय झाली. उरलेली दहा पाटीवर काढतात आणि दर आठवड्याला पाळी बदलते. वर, मुलांच्या डोक्यावरून दोन दोऱ्या बांधल्या. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून कागदावरची चित्रे तिथे टांगतो. कागद म्हणजे गावातल्या पतसंस्थेने दिलेले पाठकोरे कागद. ओले रंग वाळवायला जागा नसल्याने मेणाचे खडू, कोळसा आणि गेरू यांवर भर दिला.

दुसरी गोष्ट ऋतूंची. आमच्या भागात जून ते सप्टेंबर अंगणात पाय ठेवता येत नाही. म्हणून पावसाळ्यात बसल्या जागी करायची कामे ठेवली. ज्येष्ठात मण्णेत्तिन अमावास्येला कानडी घरांतून मातीचे बैल करतात, ते आमच्या मराठी मुलांनीही केले. एक मूठ माती, बसायला एक पोते आणि हात पुसायला फडके, एवढेच साहित्य. खानापूरकडची तांबडी माती आणि पूर्वेकडच्या शेतातली काळी माती दोन्ही आणली. काळी वाळताना तडकते आणि तांबडीला घडवताना पाणी बेताने लागते, हे मुलांनी आपणहून शोधले. तिसरीतल्या एका मुलीने काळ्या मातीत वाळू आणि बारीक भुसा मिसळून पाहिला. तिचा बैल तडकला नाही. हे विज्ञान की कला, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवतो.

पाऊस ओसरल्यावर अंगण आमचे झाले. ठिपक्यांची रांगोळी काढताना पाचवीच्या मुलांना सममिती शिकवायला वेगळे तक्ते लागले नाहीत. दिवाळीआधी सहावी-सातवीच्या मुलांनी कुलूपबंद खोल्यांपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात किल्ला केला. बेळगावात किल्ल्याचे वेड किती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण या वेळी मुलांना आधी कागदावर नकाशा काढायला लावला. एक फूट म्हणजे किती, हे ठरवताना जे प्रमाण त्यांनी मांडले, तेच पुढे भूगोलाच्या तासाला उपयोगी पडले. थंडीत लेझीम घेतली.

गाण्याला जागा लागत नाही, पण शेजारचा वर्ग शांत असावा लागतो. खोल्यांच्या मधली भिंत अर्धीच वर गेलेली आहे. एका वर्गात गाणे सुरू झाले की दुसऱ्यात पाढे थांबतात. म्हणून गाणे परिपाठाला आणि शेवटच्या तासाला संपूर्ण शाळेचे एकत्र ठेवले. सोमवारी एक नवे गाणे ऐकायचे आणि आठवडाभर म्हणायचे. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून त्या गायकांसारखे हुबेहूब गात असत, ही गोष्ट मुलांना सांगितली. प्रत्येक मूल कुमार गंधर्व होणार नाही आणि व्हायलाही नको. पण ऐकणे ही शिकायची गोष्ट आहे, एवढे त्यांना कळावे.

इथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. दरवर्षी प्रतिभा कारंजीच्या स्पर्धा येतात. आम्हीही मुले पाठवतो, बक्षिसे मिळाली की आनंद होतो. पण जागा कमी असली की शाळांना एक मोह होतो : हुशार पाच मुले निवडायची, त्यांना व्हरांड्यात बसवून महिनाभर तयारी करून घ्यायची आणि कलाशिक्षण झाले असे समजायचे. उरलेली पस्तीस मुले वर्गात बसून शुद्धलेखन लिहितात. आम्ही या वर्षी क्रम उलटा केला. आधी सगळ्यांनी करायचे. त्यातून ज्याला जायचे तो स्पर्धेला जाईल. बक्षिसे एकाने कमी आली. पण वर्षभरात ज्याने एकदाही खडू हातात धरला नाही असे मूल शाळेत उरले नाही. आमच्या मते हा व्यवहार फायद्याचा आहे.

आम्ही काही नवे केले असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली आणि तिला कुरणशाळा म्हटले. सेवाग्रामला १९४४ पासून देवीप्रसाद हे कलाशिक्षक मुलांना आसपासच्या मातीतून आणि कामातून कला शिकवत होते. या थोर मंडळींजवळ इमारती नव्हत्या, पण मूल काय करू शकते यावर त्यांचा विश्वास होता.

मात्र याच ठिकाणी आम्हांला थांबून दुसरी बाजूही सांगायची आहे. आमची ही खटपट पाहून कोणी म्हणेल, "बघा, खोलीशिवाय किती छान चालले आहे! मग खोली कशाला?" ही भीती आम्हांला खरोखर वाटते. खोलीशिवाय जे झाले नाही त्याची यादी मोठी आहे. पाण्याचे रंग वर्षभरात एकदाही काढता आले नाहीत. अर्धवट राहिलेले मातीकाम ठेवायला जागा नसल्याने प्रत्येक वस्तू त्याच तासात संपवावी लागली. आणि जे काम दोन दिवस डोक्यात घोळते त्यातच मूल खरे शिकते. नाटक फक्त एकदा, तेही पटांगणात, वाऱ्यात संवाद ऐकू न येता. ऑफिसातली जुनी पेटी वाजवायला कोपरा मिळाला नाही. कल्पकतेने अडचणीवर मात करता येते, पण कल्पकता हे भिंतीचे आणि छपराचे काम करीत नाही. ताराबाईंनी अंगणात शाळा भरवली, म्हणून आपण मुलांच्या डोक्यावरचे छप्पर काढून घ्यावे असा त्याचा अर्थ होत नाही.

डिसेंबरात आम्ही पहिली ते तिसरीच्या मुलांना 'आपली शाळा' हा विषय दिला. त्या दिवशी अडतीस मुले हजर होती. बहुतेक मुलांनी शाळेच्या सहाही खोल्या काढल्या. यांतल्या कोणीही त्या दोन खोल्यांत कधी बसलेले नाही. ही मुले शाळेत आली तेव्हापासून तिथे कुलूपच आहे. तरी चित्रांत त्यांची दारे उघडी आहेत आणि आत मुले आहेत. ती चित्रे आम्ही समितीच्या पुढच्या बैठकीत दोरीवर टांगली. गणिताला तास द्या म्हणणारे पालक बराच वेळ आपल्या मुलाचे चित्र पाहत होते. त्यांचे मत बदलले का, ते आम्ही विचारले नाही. पण त्यांनी कुलूपबंद खोल्यांसाठीच्या नव्या अर्जावर पहिली सही केली.

एप्रिलच्या बैठकीत कलेच्या तासाचा निर्णय व्हायचा आहे. तत्पूर्वी या वार्तापत्राच्या वाचकांकडे आमची तीन मागणी आहेत, ती मोकळेपणाने मांडतो.

विश्वस्तांना विनंती अशी की, हायस्कुलाचा चित्रकलेचा हॉल शनिवारी दुपारी बंद असतो. आमची शाळा शनिवारी सकाळची असते. महिन्यातून दोन शनिवार दीड तासासाठी तो हॉल आमच्या पाचवी ते सातवीच्या मुलांना मिळाला, तर पाण्याचे रंग आणि नाटकाची तालीम या दोन्ही गोष्टी होतील. झाडलोट आमची मुले आणि आम्ही करू. दुसरे असे की, देणगीदार सज्जन आमच्यासारख्या शाळांना प्रेमाने बाके देतात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण लहान वर्गात बाके आली की हालायची जागा जाते. त्याऐवजी घडीचे पाट, बस्करे आणि भिंतीवर बसवायची फडताळे दिलीत तर त्याच पैशांत खोली मोठी होईल.

पालकांना विनंती एवढीच की, घरी आलेले चित्र पाहून "हे काय काढलंस?" असे न विचारता "मला सांग बघू" असे म्हणावे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे आमच्याच शाळेतून आठवीला गेलात, त्यांनी सुट्टीच्या दिवशी तासभर यावे. तुमच्याहून लहान मुलाला पेन्सिल धरायला शिकवण्यासाठी मोठी जागा लागत नाही. त्याच्या शेजारी मांडी घालून बसता आले म्हणजे झाले.