वळणावर तेल कुठे जातं?

इंजिन बसवून झालं होतं, तरी गाडी जागची हलत नव्हती. गाडी माझ्या मामेभावाची, म्हणजे दादाची. कॅलिफोर्नियात सॅन होजेला त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये ती स्टँडवर उभी होती. माझदाची मियाटा, 1989 साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतली: दोन माणसांची, उघड्या छपराची, वजनाला टनाच्या आसपास. तिचं मूळचं 1.6 लिटरचं इंजिन काढून दादाने होंडाचं के24 घातलं होतं. 2354 सीसीचं हे इंजिन 2004 सालच्या अ‍ॅक्युरा टीएसएक्स गाडीतून आलेलं. जिथे जेमतेम 116 हॉर्सपॉवर होती, तिथे आता 200. मी नोकरीसाठी नुकताच आलो होतो. कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्र्यांच्या शेजारी वाढल्यामुळे ओतीव भाग हातात घेऊन बघायची सवय होती, पण रेसिंगच्या गाडीला कधी हात लावला नव्हता. मी विचारलं, "मग आता चालू करायची ना?" दादा म्हणाला, "अरे, आत्ता कुठे काम सुरू झालंय. स्टिअरिंग आणि तेल राहिलंय."

या दोन गोष्टी तो एका दमात का बोलतो, हेच मला कळेना. स्टिअरिंग हाताने चालवायचं, तेल इंजिनात ओतायचं. संबंध काय?

गाडीखाली पाठीवर झोपल्यावर निदान जागेचा संबंध दिसला. इंजिनाखालून आडवा जातो तो क्रॉसमेंबर. त्यालाच स्टिअरिंगचं रॅक धरलेलं. आणि इंजिनाच्या तळाला तेलाचं चेंबर. होंडामध्ये हे इंजिन आडवं बसतं, मियाटात उभं. त्यामुळे होंडाचं मूळ चेंबर जिथे सर्वांत खोल, नेमकी तिथेच मियाटाची चौकट आडवी येते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं नवं चेंबर लागतं, वेगळ्या आकाराचं, आणि तेल ओढणारी जाळीची नळीही त्याप्रमाणे नवी. एका गोष्टीत मात्र नशीब चांगलं: असं बसवल्यावर या इंजिनाचा एक्झॉस्ट उजव्या अंगाला येतो आणि अमेरिकेतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं. आपल्याकडच्यासारखं उजवीकडे असतं, तर एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्या थेट स्टिअरिंगच्या दांड्यावर आल्या असत्या.

आधी स्टिअरिंग घेतलं. पॉवर स्टिअरिंगचं रॅक मी पहिल्यांदाच उघडं पाहत होतो. आत एक दातेरी दांडा, तो डावी-उजवीकडे सरकतो आणि चाकं वळवतो. त्या दांड्यावर एक पिस्टन. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप पिस्टनच्या एका बाजूला तेल रेटतो आणि आपला हात हलका होतो. दादाला हा पंप नकोच होता. ट्रॅकवर सतत वळून वळून त्यातलं तेल तापतं, टाकीतून ओसंडतं, आणि ते एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते. पुष्कळ जण पंप काढतात आणि उरलेल्या दोन नळ्या एकमेकींना जोडून मोकळे होतात. पण पिस्टन तिथेच राहतो आणि प्रत्येक वळणाला अरुंद नळ्यांतून काहीतरी ढकलत बसतो, मग स्टिअरिंग नाहक जड होतं. म्हणून दादाने रॅक पूर्ण खोललं, पिस्टनवरचं सील काढलं, सगळं धुऊन नवं ग्रीस भरलं.

इथपर्यंत समजलं. पुढचं ऐकून मात्र पोटात गोळा आला. दातेरी दांड्याला सरकवणाऱ्या पिनियनच्या, म्हणजे छोट्या दातेरी चाकाच्या, आत एक बारीक दांडी असते. स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते, आणि तेवढ्या पिळावरून आतला व्हॉल्व्ह ठरवतो की तेल कुठल्या बाजूला सोडायचं. पंपच नाही तर या पिळाचं काम संपलं. उरते ती नुसती ढिलाई: हातातलं चक्र थोडं फिरतं, पण चाकं हलत नाहीत. म्हणून ती दांडी पिनियनला वेल्ड करून टाकायची. स्टिअरिंगमध्ये वेल्डिंग! दादाने ते घरच्या मशीनवर केलं नाही. शहरातल्या एका जुन्याजाणत्या मशिनिस्टकडे नेलं, आणि आलेला जोड आम्ही दोघांनी भिंगाखाली पाहिला. माझं मत आजही तेच आहे, हे काम शिकण्यासाठी करायचं नाही. जोड तुटला तर चक्र हातात राहतं आणि गाडी सरळ जाते.

तयार झालेलं स्टिअरिंग उभ्या गाडीत इतकं जड होतं की मला दोन्ही हात लावावे लागले. पॉवरच्या रॅकचं प्रमाण 15 ला 1, म्हणजे चक्र 15 अंश फिरलं की चाक 1 अंश वळतं. बिनपॉवरच्या मूळ मियाटाचं 18 ला 1, म्हणून ते हलकं पण सुस्त. दादाला चपळाई हवी होती, त्यासाठी दंड भरून आले तरी चालणार होतं. गाडीला वेग आला की जडपणा बराच ओसरतो, आणि रस्त्याची खरखर हातात येऊ लागते.

मग तेल. इथे मी खरा गोंधळलो. चेंबरमध्ये पुरेसं तेल आहे, पंप चांगला आहे, मग अडचण कसली?

दादाने कागदावर चेंबरचा छेद काढला. गाडी 1 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराने वळली, तर तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांत कलतो. चिकट टायरवर हे सहज घडतं. कलत्या ताटातली आमटी एका काठाला जावी तसं सगळं तेल एका भिंतीवर चढतं, आणि जाळी उघडी पडते. पंप मग हवा ओढतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो तो केसापेक्षाही बारीक. तो तुटला की धातूवर धातू घासतो, आणि काही सेकंदांत इंजिन जातं. त्यातून ट्रॅकवर आरपीएम सतत वर, त्यामुळे बरंचसं तेल सिलिंडर हेडमध्ये अडकलेलं असतं आणि खाली सावकाश परततं.

त्या कागदावर मला दोन्ही कामांचा संबंध दिसला. तेल पळवणारं बळ स्टिअरिंगमधूनच येतं. गाडी जितकी छान वळेल, तितकी इंजिनाची तहान वाढेल. स्टिअरिंग सुधारून तेल तसंच सोडणं म्हणजे इंजिन मारणं.

उपाय एक नव्हता. टीएसएक्सच्या तेलपंपाला जोडून बॅलन्स शाफ्ट येतात, क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे. ते कंप कमी करतात, पण जास्त आरपीएमला तेल घुसळतात. त्या जागी आरएसएक्स टाइप-एस गाडीच्या के20 इंजिनाचा पंप घातला, त्याला ते शाफ्ट नसतात. गाडी थोडी थरथरते, चालतं. चेंबरमध्ये आडव्या भिंती वेल्ड केल्या आणि त्यांना बिजागरीची छोटी दारं, जाळीच्या दिशेनेच उघडणारी. तेल आत येऊ शकतं, बाहेर पळू शकत नाही. मला या साऱ्या कामातली सर्वांत सुंदर वस्तू हीच वाटली. ना वायर, ना मोटर. वळणाचं बळच दार लावतं. तेलाचा कूलरही बसला, थर्मोस्टॅटसह.

मग गाडी थंडरहिलला नेली. हा ट्रॅक विलोज गावाजवळ आहे. तिथलं दुसरं वळण डावीकडचं, लांबलचक, जवळजवळ अर्धं वर्तुळ. दादाने गाडीत तेलाच्या दाबाचा सेन्सर आणि नोंदी ठेवणारं यंत्र लावलं होतं. कंपनीचा मूळ लाल दिवा यासाठी निरुपयोगी, तो दाब जवळपास संपल्यावर लागतो. पहिल्या फेऱ्यांनंतर लॅपटॉपवर दोन रेषा पाहिल्या. वळणाच्या जोराची रेषा वर गेली की काही क्षणांनी दाबाची रेषा खाली झुकत होती, थेट निम्म्यापर्यंत. गाडी मला बाहेरून एकदम ठणठणीत वाटली होती, आवाजही तोच. दादाने त्या दिवशी गाडी पुन्हा ट्रॅकवर नेली नाही.

पुढे अ‍ॅक्युसम्प बसवला. ही एक नळकांडी असते, आत पिस्टन, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला तेल. मुख्य दाब पडला की हवा पिस्टन ढकलते आणि साठवलेलं तेल बेअरिंगकडे जातं. पुन्हा थंडरहिलला गेलो, तेव्हा त्याच वळणावर दाबाची रेषा किंचित हलून सावरली. वर्षानुवर्षं रेसिंग करणारे लोक याहून पुढे जातात, ड्राय सम्प लावतात, म्हणजे तेल चेंबरमध्ये न ठेवता वेगळ्या टाकीत. हौशी माणसाला तो खर्च झेपणारा नाही, आणि दादाच्या गाडीला त्याची गरजही नाही.

आपल्याकडेही आता चेन्नई आणि कोइंबतूरच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी घेऊन जाणारी मराठी पोरं भेटतात. त्यांना एवढंच सांगेन: मोठं इंजिन, चिकट टायर, नवं स्टिअरिंग यांतलं काहीही घेण्याआधी तेलाच्या दाबाचा सेन्सर आणि नोंद ठेवण्याची सोय करा, आणि प्रत्येक फेरीनंतर ती रेषा वळणाच्या रेषेशेजारी ठेवून बघा. रेषा झुकलेली दिसली, तर त्या दिवशी गाडी ट्रेलरवर चढवा.